रोजचंच

डॉक्टर नग्ला अलेक्झांड्रियाची. तिच्या कागदावर नऊ प्रश्न,
मी त्यांची मराठी, कधी हिंदी, अडलं तर हातवारे.
तशी मी रक्त काढणारी.
पण सोहारच्या या दवाखान्यात
आपल्याकडचं कुणी आलं की मला हाक मारतात.

'गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस
हताश वाटलं?'
दिगंबर ठोंबरे, वेल्डर, वय एकेचाळीस, बार्शी,
असा बघतो की जणू मी त्याचा पगार विचारला.
'हताश म्हणजे?'
नको वाटणं, मी म्हणते. पुढचं काही न दिसणं.
'हां, ते होय. ते काय, रोजचंच.'

रकाने चार:
कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त, जवळजवळ रोज.
'रोजचंच'ला रकाना नाही.
मी चौथ्यात खूण करते तर तो गडबडतो,
'ताई, तसं नका लिहू. मी बराय.'

दुपारी नग्ला म्हणते, या जागेचाच दोष.
बघ ना, झाड नाही, सावली भाड्याची,
एका खोलीत आठ जण आणि आठांचे आठ गजर.
खिडकीबाहेर घरबी वारा
वाळूत सुकत घातलेल्या तारल्यांचा वास
दवाखाना विचारून आत आणतो.
मी म्हणते, मी अकोल्याची.
आमच्या मे महिन्यात डांबर चपलेला धरून ठेवतं,
तरी लोक बारशाला जातात, आइस्क्रीमवरून भांडतात.
मग ती म्हणते, तर तुमच्या सवयीचा.
यावर मात्र मला पटकन बोलता येत नाही.

कारण मावशी म्हणायची, फार हसू नये, रडावं लागतं.
पहिला नंबर आला तर आईने आधी मीठमोहऱ्या ओवाळल्या,
पेढे दुसऱ्या दिवशी, तेही झाकून.
सुख आलं की आम्ही दार अर्धं लावून घेतो,
उधारीवाल्याला चाहूल लागेल म्हणून.
हे सगळं मी विमानात आणलं,
वजन काट्यावर दिसलं नाही.

मग बुधवारी हमूद बिन सईद. इथलाच.
चार खोल्या, दोन गाड्या, साठ खजुरांची बाग.
त्याला प्रश्न नग्लानेच विचारले, तिच्या भाषेत,
पडद्यापलीकडे मी नळ्यांवर चिठ्ठ्या डकवत होते.
पहिल्याला अल्हम्दुलिल्लाह. दुसऱ्याला अल्हम्दुलिल्लाह.
नववा प्रश्न, जगणं संपवावंसं वाटतं का, असा.
अल्हम्दुलिल्लाह.
पेन थांबल्याचं मला पडद्यातून ऐकू आलं.

विहीर खारट झालीय त्याची, मुलाने नंतर सांगितलं.
समुद्र जमिनीखालून आत येतोय, वर्षाला थोडा थोडा.
झाडं शेंड्याकडून वाळतात,
आणि बाबा रोज सकाळी जाऊन
पाणी चाखून बघतात.
काकांची विहीरही तशीच.
काका मासळीबाजारात बसतात,
भावावरून अख्ख्या किनाऱ्याशी भांडतात, घोरत झोपतात.
एकच समुद्र, एकच आजी, एकच दुआ.

नग्लाने यावर काही लिहिलं नाही. चहात साखर जास्त घातली.

ठोंबरे परवा पुन्हा आला, भाजलेल्या हाताचं बघायला.
सुई टोचताना म्हणाला,
'ताई, ते मार्कांचं काय झालं?'
बारा, मी सांगितलं.
'पास का नापास?'
आम्ही दोघं हसलो, बऱ्यापैकी मोठ्याने,
आणि मग दोघंही एकदम गप्प झालो,
मावशी दारात उभी असल्यासारखे.
बाही खाली करत त्याने विचारलं,
'तुमचे किती आले?'

रात्री एक कोरा कागद घरी आणला.
एसी ठिबकत होता, खाली बादली.
पहिला प्रश्न: कशातच रस वाटत नाही, असं किती दिवस?
बराच वेळ पेन हातात.
मग लिहिलं, ठीक.
रकान्याच्या बाहेर.