केसभर

बोराबाजारात, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर
माझं दुकान म्हणजे एक लेथ, एक शेगडा
आणि पोलिसांचा शिक्का असलेली वही.
बाबा गोदीत फिटर. मी पांचाळ.
आयुष्यात चिमणीसुद्धा मारली नाही,
बंदुका मात्र हजारभर गेल्या असतील हातावरून.

मृणालिनीबाई धुरंधर जिना चढून आल्या
तेव्हा रायफल दिलरुब्याच्या पेटीत होती.
पंच्याहत्तरीच्या असतील. धाप लागलेली,
तरी पेटी ड्रायव्हरच्या हाती दिली नव्हती.

"सेफ्टी बदलून द्या. नवी, बाजूने सरकणारी."
म्हटलं, बाई, शिकार बंद होऊन पन्नास वर्षं झाली,
चालवणार कोण हिला?
"कुणीच नाही."
मग?
"मग काय! बदला."

जर्मन बनावट. बोल्टच्या मागे एक पोलादी पान:
डावीकडे झोपलं की मोकळी,
उजवीकडे झोपलं की बंद.
आतलं तेल काकवीसारखं थिजलेलं.
धुतली, पुसली, रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं.
पान उजवीकडे. चाप ओढला. काही नाही.
चाप सोडला.
पान डावीकडे आणलं, आणि टक्.
सुई आपसूक पडली.
माझं बोट चापापासून वीतभर लांब.

पुन्हा केलं. पुन्हा टक्.

झीज केसभर. बाईंना समजावलं,
गिऱ्हाइकाला समजावतो तसं, भिंग हातात देऊन:
सेफ्टी लावलेली असताना कुणी चाप दाबला
तर तेव्हा काहीच होत नाही.
रायफल ते मनात ठेवते.
पुढे ज्याच्या हातून सेफ्टी निघते
त्याच्या हातून बार होतो.
चापाला त्याने शिवलेलंही नसतं.

खाली लग्नपत्रिका छापत होते.
त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या,
"दाबला कधी आणि उडाली कधी,
मध्ये किती वेळ जाऊ शकतो?"
कितीही. अख्खी रात्रसुद्धा.
"रात्रच," म्हणाल्या.
मला नाही. शेगड्याला.

पपा शेवटपर्यंत सांगायचे, माझं बोट नव्हतं चापावर.
हाकाऱ्याचं नाव जान्या. जव्हारकडचा.
त्याच्या घरी दर दिवाळीला मनीऑर्डर जायची.
पपांना कुणी खोटं म्हटलं नाही.
कुणी खरंही मानलं नाही.
एवढंच सांगितलं.
त्या वेळी मी नऊ वर्षांची, हे नंतर आलं,
दुसऱ्याच वाक्यात,
रायफल तेव्हा किती जड लागायची ते सांगताना.

मी पुढे विचारलं नाही.
आमच्या धंद्यात विचारायच्या गोष्टी ठरलेल्या:
परवाना कुठाय, काडतूस आहे का आत.

नवी कळ बसवायला आठ दिवस गेले.
कानस लावायची, पुसायचं, बसवून बघायचं,
घाई केली की पोलाद रुसतं.
ही कळ थेट सुईलाच धरते,
धरते आणि जरा मागे ओढून ठेवते,
रस्ता ओलांडताना पोराचं मनगट धरावं तशी.

त्या आल्या. करून दाखवलं.
कळ मागे, चाप, कळ पुढे. शांत.
"पुन्हा."
पुन्हा शांत.
"द्या इकडे."
सांध्यात वाकडं झालेलं बोट चापावर ठेवलं,
आधी दाराकडे बघितलं,
कुणी येत नाही ना असं,
आणि दाबलं.
मग कळ पुढे सारली. डोळे मिटलेले.
खाली छपाई चालू होती, वर काहीच झालं नाही.
किती वेळा केलं, मोजलं नाही मी.
चहा निवला.

जुनं पान मागितलं. म्हटलं, भंगार आहे ते.
"असू दे." रुमालात बांधलं, पर्समध्ये टाकलं.

वहीत दुरुस्तीच्या कारणापुढे मी लिहिलं: झीज.
त्यांनी ते बोट ठेवून वाचलं. सही केली.
खाली तारीख घातली, ती आजची नव्हती.
खोडायला हात उचलला नाही.
पोलीस विचारतील तेव्हा बघू.