चिकटवही

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, वरच्या मजल्यावर
मृण्मयी मॅडमचा क्लास.
चार रविवार, चौदाशे पन्नास रुपये, सामान धरून.
नाव भाचीनं घातलं. म्हणाली, आत्या, हात चालतो तुझा,
जन्मभर काय चपलेच्या वेण्याच घालणार?

सामानात निघालं:
फिकट गुलाबी कागद, कागदाचीच लेस,
फुलपाखरं छापलेली चिकटपट्टी.
फोटो जरा तिरका लावायचा, मॅडम म्हणाल्या,
कोपऱ्यात फुलं तीन, नाहीतर पाच. चार नकोत.
चार का नकोत, मी विचारलं नाही.
अकरा बायकांची अकरा पानं भिंतीवर लागली
तेव्हा माझं कुठलं
ते मला खालचं नाव वाचून कळलं.

शिवाय फोटो होते कुठं आमच्याकडं.
आण्णा एकाच फोटोत आहेत,
चप्पल लाईनीत दुकान निघालं त्या दिवशीचे,
तेही कुणाच्यातरी हाराआड.

डिंक संपला म्हणून घरी खळ केली.
श्रावणात उघडून बघते, तर कसर लागलेली.
लेस खाल्ली, फुलं खाल्ली,
आण्णांचा हार खाल्ला.
लई वाईट वाटायला हवं होतं.

मग माळ्यावरची पेटी काढली.
खोक्यांचे पुठ्ठे, वर्तमानपत्रं, लग्नपत्रिकांच्या पाठी,
आणि त्यांवर पाय.
आण्णा गिऱ्हाईकाला कागदावर उभं करायचे,
पेन्सिल उभी धरून टाचेपासून फिरवायचे,
आत बारीक अक्षरात लिहायचे:
दगडू पैलवान, अंगठा आडवा.
कुंभोजचे गुरुजी, डावीकडं चारच बोटं.
घाटगे, करकर पायजे, गल्लीभर ऐकू जाईल अशी.
वैद्य बाई, चवडा रुंद, बोलायचं नाही.

त्या रात्री मी चिकटवलं काहीच नाही.
मेणाचा दोरा घेतला, आरी घेतली,
पट्टीला घालते तोच टाका कागदाला घातला.
पहिल्या दोन पानांना कागद फाटला.
तिसऱ्याला कळलं, भोक आधी, दोरा मागनं,
आणि ओढायचं नाही, नुसतं बसवायचं.
दत्तूचा बाराव्या वर्षाचा पाय
त्याच्याच चाळिसाव्या वर्षाच्या पायात शिवला.
भेंडी रंगाचं एक कातडं उरलं होतं,
त्याची पुठ्ठी झाली. वास यायचा. येऊ दे.

आईचा पाय सापडला नाही.
पेटी तीनदा उपसली.
तिला माप घेऊन कुणी चप्पल केलीच नव्हती,
पट्टी उसवलेली, जोडी चुकलेली,
दुकानात उरेल ते तिच्या पायात.
तिच्या पानावर मी काही काढलं नाही.
नुसती आरीनं भोकं पाडत गेले, आठवून,
टाच, आतली कमान, करंगळीजवळची गाठ.
दोरा ओवला नाही.
पान खिडकीशी धरलं की ती दिसते.

शेवटच्या रविवारी वही मॅडमसमोर ठेवली.
त्या बराच वेळ पानं उलटत होत्या.
बायका जमल्या. कुणीतरी वास घेतला.
मॅडम म्हणाल्या, छान आहे, वेगळं आहे,
पण लेस वापरलीच नाही तुम्ही?
उरली होती कसरीच्या तावडीतून वीतभर.
तिथंच बसून शिवली,
वैद्य बाईंच्या पायाला, पैंजण म्हणून.
हसल्या सगळ्या. मॅडमही.

एक पान उरलंय.
काल दुकान बंद करून फळीवर ते पसरलं,
चप्पल काढली, उभी राहिले.
आधी आईच्या भोकांवर पाऊल ठेवून बघितलं होतं.
अंगठा बाहेर राहिला.
आपलंच माप आपण घ्यायचं म्हणजे कसरत,
वाकलं की पाय हलतो,
टाचेपाशी पेन्सिल पोचत नाही,
रेघ तिथं दोनदा गेली आणि दोनदा चुकली.
रबर होतं गल्ल्यात.
दिवा मालवला, शटर ओढलं.
आत लिहायचंय अजून,
आण्णांनी काय लिहिलं असतं ते नको.