रिकामे कंस

स्वॉन्झीच्या लायब्ररीत मंगळवारचा वर्ग, साडेसहा ते आठ.
खिडकीबाहेर भरती आहे की ओहोटी, काळोखात कळत नाही.
शेजारी एम्रिस. एकतीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर;
भट्टी विझली तेव्हा हातात एक घड्याळ
आणि या वर्गाची चिठ्ठी.
दोन बोटांनी टाइप करतो,
एकेक अक्षर ठोकून बसवल्यासारखं.

आजचा स्वाध्याय: बँकेच्या खात्याचा क्लास.
दोन मेथड. एक पैसे भरते, एक शिल्लक सांगते.
एवढंच.

एम्रिसनं पन्नास पौंड भरले. शिल्लक शून्य.
पुन्हा पन्नास. शून्य.
मग चिडून एकदम दहा हजार
(आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणाला)
तरी शून्य.
एररसुद्धा नाही. लाल अक्षर नाही, कुरकुर नाही,
पालथ्या घड्यावरून ओघळावं तसं
सगळं गेलं.

ग्लेनिस उत्तर सांगत नाही, ही तिची वाईट खोड.
‘मोठ्यानं वाच,’ म्हणते आणि उभी राहते.
एम्रिस वाचतो. तिसऱ्या ओळीवर मीच बोलून जाते:
बेरीज होतेय रे, पण मेथडच्या आतल्या आत.
एक नवंच भांडं निघतं, भरतं,
आणि मेथड संपली की भांड्यासकट नाहीसं.
उजवीकडे सेल्फ लिहिलंस, डावीकडे विसरलास.

मला माहीत, कारण गेल्या मंगळवारी मीच विसरले होते.
विसरणारच. आमच्याकडे क्रियापदच सांगतं कोण ते.
‘जाऊन येते’ म्हणत उंबरा ओलांडला,
तर ‘कोण?’ असं कुणी विचारलं नाही कधी.
इथे दर ओळीला विचारतात:
कोण? कुणाचं? कुठल्या खात्यातलं?
एम्रिस म्हणाला, आजीच्या वेल्शमध्येही असंच,
शब्दाच्या शेपटीत माणूस.

सेल्फ लिहिलं, टिंब दिलं. रन.
शिल्लक म्हणून पडद्यावर लांबलचक ओळ:
बाउंड मेथड, अमुक, तमुक, शून्य एक्स सात एफ…
त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
‘हा पत्ता आहे. पैसे कुठे ठेवलेत ते सांगतोय,
किती ते विचारलं होतं मी.’

ग्लेनिस इंग्रजीतच काहीतरी म्हणाली,
मला मराठीत ऐकू आलं:
नाव घेतलंस. हाक मारली नाहीस.

नावापुढे दोन कंस. आत काही नाही,
आणि काही लागतही नाही.

दहा हजार शंभर.

एम्रिस आकड्याकडे बराच वेळ बघत बसला.
दिवे मालवायला माणूस आला, खुर्च्या सरकल्या.
मग त्यानं दहा हजारांची ओळ खोडली,
पुन्हा रन केलं. शंभर.
‘आता खरं वाटतं,’ म्हणाला आणि सेव्ह केलं.

पैसे काढायची मेथड पुढच्या मंगळवारी.
ती, म्हणाला, सवयीनं जमेल.