मोजणी

जेलरोडच्या वाचनालयात, चहा येईपर्यंतच्या वेळात,
अकरावीतल्या पायल खर्जुलनं विचारलं,
"तुमच्या प्रत्येक कथेत
कुणीतरी काहीतरी मोजत का असतं?"

मी सांगितलं काहीबाही.
हिशेबी होत चाललेला काळ, वगैरे.
ग्रंथपाल बाईंनी मान डोलावली,
पायलनं वहीत उतरवून घेतलं.
तिच्या सुबक अक्षरात ते आणखीच खोटं दिसलं.

पायल, एकदा एका दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले होते,
नाशिकच्या आहात, द्राक्षांवर द्या की काहीतरी.
मी पिंपळगावपर्यंत जाऊन आले.
मांडवाखालचा गारवा लिहिला,
पानांवरचा बोर्डोचा निळसर थर लिहिला,
तिसऱ्या परिच्छेदात एक बाई आली
आणि क्रेट मोजत बसली.
कितीदा खोडलं. तिला उठवता येईना.

माझे वडील प्रेसमध्ये होते.
नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं
की पुढचं सांगावं लागत नाही.
करकरीत नोटांचे ताव, दिवसभर, अंगठ्यानं.
शंभर झाले की खूण. पुन्हा एक.
सुटताना फाटकावर झडती,
खिसे उलटे, डबा उघडा,
डब्यात उरलेली अर्धी पोळीसुद्धा उलटून बघायचे.
आणि वीस तारखेनंतर
पाळदे किराणावाल्याकडं वहीवर साखर.

तो अंगठा घरी येऊनही सुटायचा नाही.
ताटाच्या काठावर चालायचा,
सिन्नरच्या बसमध्ये स्वतःच्याच गुडघ्यावर.
मला निजवताना पाठीवर थोपटायचे,
शंभर झालं की थांबायचे, अगदी क्षणभर,
आणि तेवढ्या फटीत मी टक्क जागी.
आईला वाटायचं, हिला जंत झालेत.
किती तरी ओवा खाल्ला मी त्या पायी.

शेवटी बिटकोत,
खिडकीजवळच्या खाटेवर,
चादरीची कड अंगठ्यानं पुढं सरकवत होते.
सदुसष्टवर अडखळले.
मी पटकन म्हणाले, अडुसष्ट, दादा.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
नवख्या पोराकडं पाहावं तसं.
"नाही. चुकलं. पहिल्यापासून."
आणि म्हणाले, एक.

हे तिथंच सांगता आलं असतं तुला.
पण चहा आला, कुणीतरी माइक बंद केला,
सरांना सत्काराची शाल सापडत नव्हती.

आता रिक्षात बसल्यावर एवढंच सुचतंय:
माझं ते उत्तर खोटं आहे, त्यावर काट मार.
पान मात्र फाडू नकोस, पायल.
वही शंभर पानी आहे ना?