गेन थोडा कमी कर

दुसऱ्या वर्षाला तळेकर मॅडम म्हणाल्या,
यकृत आधी हाताला कळू दे, मग पुस्तकातून वाचा.
सरावाला रोज नवं पोट कुठून आणायचं?
मग आम्ही हॉस्टेलच्या टोपात चायनाग्रास शिजवलं,
इसबगोल ढवळलं, फणसाच्या आठळ्या सोडल्या
आणि रात्रभर गोठू दिलं.
सकाळी प्रोब टेकवून शोधत बसलो
कोणती आठळी कुठे बुडालीय.
सायली मापुस्करला पाच सापडल्या. मला तीन.
उरलेल्या दोन मी सुरी घालून काढल्या.

तेव्हाच्या वहीत असं काहीबाही आहे:
खोल बघायचं तर आवाज जाडा लागतो,
बारीक बघायचं तर उथळ राहावं लागतं.
पाण्यामागे उजेड वाढतो.
खड्यामागे अंधार पडतो, लांब, शेपटीसारखा;
खडा सुटला नजरेतून तरी शेपटी सुटू नये.
मध्ये हवा आली की संपलं,
म्हणून जेल. म्हणून उपाशीपोटी या.

परीक्षेत हेच आलं. पस्तीसपैकी अठ्ठावीस पडले.

रत्नागिरीला पोस्टिंग. दारावर पाटी,
इथे गर्भलिंग निदान केले जात नाही,
आणि पाटीखालच्या बाकावर
पाणी पिऊन गुडघे जुळवून बसलेल्या बायका.
त्यांच्यात एकटेच पुरुष, मिरकरवाड्याचे लतीफ सोलकर,
वय एकसष्ट, चाळीस वर्षं तांडेल,
सदरा धुतलेला, तरी डिझेलचा वास.
"उपाशी आहात ना, चाचा?"
"महिना झाला, जेवण जातंय कुठं?"
जेल लावलं तसे हसले,
"बर्फातली सुरमई केलीस गो माझी."
श्वास घ्या, म्हटलं. धरा.
त्यांनी असा धरला
की सोडा म्हणायचं मीच विसरले.

मग मान वळवून त्यांनी स्क्रीन पाहिला.
"आमच्या बोटीवर ह्योच हाय. रंगीत, एवढंच.
गेन लय ठेवलायस. सगळा दर्या दुधासारखा दिसतोय.
कमी कर थोडा. असेल ते आपसूक वर येतंय."

मॅडम दारात फोनवर होत्या.
मी बटण अर्धा वळसा मागे घेतलं.
धुकं बसलं.
उजव्या खंडात, शिरेच्या कडेला
एक काळसर गोल. मग दुसरा.
मग मी मोजायचं थांबले.
नाही, थांबले नाही, मोजत राहिले,
या काठापासून त्या काठापर्यंत कर्सर ओढून,
शिकवलं होतं तसं, सेंटिमीटरमध्ये.

रुग्ण स्क्रीन बघत नाही, तुमचा चेहरा बघतो,
हे मॅडम पहिल्याच आठवड्यात सांगतात.
मी चेहरा आठळीसारखा गुळगुळीत ठेवला.
ते तर दोन्हीकडे बघत होते.

"खडक हाय की थवा?"

"रिपोर्ट डॉक्टर देतील, चाचा."

"बराबर. यंत्रानं दाखवायचं.
जाळं टाकायचं का नाय, ते तांडेलनं ठरवायचं."
मी पुढे केलेला टिश्यू त्यांनी खिशात ठेवला,
पोट लुंगीच्या सोग्यानं पुसलं,
चपला शोधल्या. जाता जाता म्हणाले,
"बटण तिथंच ठेव."

ठेवलं.
पुढच्या बाईला लघवी धरवत नव्हती.
तिच्यासाठी ते पुन्हा थोडं वाढवावं लागलं.