अंधारात ठेवायच्या बश्या

फ्रान्सिसटाउनच्या इस्पितळाची मागची खोली.
पंखा बंद, वाऱ्याने बीजाणू उडतात म्हणून.
चेड्झा बश्यांत आगर ओततेय, टोमॅटोच्या रसातला,
(हो, टोमॅटोचाच, गाजर-सेलरीही थोडी,
दुकानात डब्यातून मिळतो तो).
या बुरशीला लग्नासाठी एवढंच लागतं:
थोडी उपासमार, कोरडी हवा
आणि अंधार.

कलांगा भाषेत चेड्झा म्हणजे उजेड.
बशीभोवती चंदेरी कागद गुंडाळताना
ती दर वेळी स्वतःशी हसते.

बशीत दोन रेघा. डावीकडे ए, उजवीकडे आल्फा.
नर-मादी म्हणू नका, ती शिकाऊ पोरांना दटावते,
इथे ना कुणाला मिशी, ना कुणाला ओटी.
नुसता एक निरोप असतो.
प्रथिनाचा इवला तुकडा, शेपटीला चरबी चिकटलेली,
आगरातून झिरपत जातो:
मी आहे. तू आहेस का?
पलीकडच्या दाराला नेमकी त्याच मापाची कडी.
कडी वाजली की पेशीभर बातमी फिरते
आणि ती गोल गरगरीत पेशी एका अंगाने लांबते,
रात्री उशाशी तांब्या चाचपणाऱ्या
हातासारखी.

दहा-बारा दिवसांनी काठाला पांढरी लव.
भिंगाखाली दांडी, दांडीवर मूठ,
मुठीतून निघालेल्या चार माळा,
मण्यामण्यात पत्त्यांसारखं पिसलेलं दोघांचं वाण.
इतकं देखणं, की तिला लाज वाटते.

कारण तिसऱ्या वॉर्डात हबांगाना आहे,
माथांगवानेचा, सरपण विकणारा,
तीन आठवडे डोकं गच्च धरून बसलेला.
त्याच्या मणक्यातलं पाणी
तिने आज सकाळीच काळ्या शाईत कालवलं.
शाईत पेशीपेशीला खळं पडलेलं,
चंद्राला पडतं तसं.
चंद्राच्या खळ्याने पाऊस येतो म्हणतात.
या खळ्याने काय येतं
ते ती अकरा वर्षं बघतेय.

कधीतरी त्याने मोपानेच्या ढोलीत कुऱ्हाड घातली असेल.
ढोलीत कुणाचं तरी लग्न लागलेलं असेल,
आणि उडालेल्या अक्षता
याच्या श्वासात गेल्या असतील.
मग त्या छातीत गुपचूप, वर्षानुवर्षं.
दवाखाना लांब, बसला पैसे नाहीत, गोळ्या चुकल्या,
रक्तातले पहारेकरी पांगले,
आणि अक्षता उठून मेंदूकडे चालू लागल्या.
तिथे लग्नबिग्न नाही. एकीला कळी, कळीची दुसरी,
जोडीदारावाचून नुसती वाढ.
तरी आपसात विचारणं चालूच:
किती झालो? पुरेसे झालो का?

जगात बहुतेक ठिकाणी आल्फाच सापडतो, एकटा.
नाइलाजाने आल्फा आल्फाशीच संसार मांडतो.
ए मात्र इथे भेटते, या झाडांच्या सालीत.
परदेशी पाहुणे तिच्यासाठी येतात,
पिशव्या भरभरून साल नेतात.
हबांगानाने त्यांना वाट दाखवली होती एकदा,
दोनशे पुला मिळाले होते.

दुपारी ती वॉर्डात गेली. जायचं कारण नव्हतं.
तो डोळे मिटूनच बोलला,
"तुला त्यांचं बोलणं कळतं म्हणे?"
"थोडं."
"मग मध्येच खोटा निरोप सोडा ना एखादा.
म्हणावं, घरी कुणी नाही. परत जा."
तिला हसू आलं, मग आलं नाही.
मोठ्या मोठ्या प्रयोगशाळांत
हेच तर शोधतायत लोक, आणि हा
उशीवर डोकं न टेकवता
सांगून मोकळा.
"बघतोय आम्ही," ती म्हणाली.
"आधी आणखी थोडं पाणी काढतील. डोकं हलकं होईल."
"लाकडं उघड्यावर आहेत," तो म्हणाला.

संध्याकाळी शेवटची बशी.
कागद दोनदा गुंडाळून, कडा दाबून,
ती वर लिहिते: तारीख, वाणाचा नंबर,
कुठल्या झाडावरची,
आणि खाली, नियमाप्रमाणे,
स्वतःचं नाव.