सतरंजी घालणारी सांगते

या. चप्पल खिडकीखाली काढा, दारात नको,
शिंत्रेबाई ओरडत्यात.
साडेपाचला हॉल उघडायचा, सतरंज्या झटकून घालायच्या,
साडेसातला गुंडाळायच्या.
अकरा वर्षं झाली, माझं काम तेवढंच.
आसनाचं मला विचारू नका.
पण नवं माणूस पहिल्या दिवशी
दारात कसं उभं राहतं, ते मीच बघते.

तुम्ही मार्केट यार्डातनं आलाय.
विचारायला नको, टाचांच्या भेगांत हळद बसलीय.
पाय असे लेंग्याखाली ओढू नका.
हितं सगळ्यांचेच पाय उघडे.
वखारभागातल्या वकीलसाहेबांच्या अंगठ्याला नखच न्हाई.
त्या बँकेतल्या मॅडम
पहिले दोन महिने मोजे घालून करायच्या,
मग एक दिवस घसरल्या, तवा काढले.

काही खाऊन आलाय?
नुसता चहा चालतोय.
चहासंगं भजी असतील
तर आज मागं, भिंतीशी बसा,
आणि वाकायची वेळ आली की पंखा मोजा.

खांदा दुखतोय ते बाईस्नी आधी सांगा.
नंतर न्हाई. आधी.
"काय न्हाई, जरासं हाय" म्हणणारीच
मधी कळ दाबून धरत्यात.
पोतं उचलताना दात आवळून भागतंय,
हितं दात आवळलेले दिसले
की बाई जवळ येऊन हनुवटीला हात लावत्यात.

शेजारी बघू नका.
बघालच, सगळी बघत्यात.
तुमचा हात गुडघ्याशी अडला असंल
तवा कुलकर्णीकाकूंचं कपाळ टेकलेलं असंल.
त्याला चार पावसाळे लागले
हे काकू सांगत न्हाईत.
भिंतीवर ती मळकट रेघ दिसती का? महापुराची.
हात वर केल्यावर तिथवर पोचला
तरी आजच्याला पुष्कळ.

बाई म्हणतील, श्वास बघा.
पहिल्यांदा ऐकलं तवा मी बी कोपऱ्यात बघितलं,
काय पडलंय का.
नव्या माणसाचा श्वास लाजरा असतोय,
फोटो काढायला गेलं की पोरगं
आईच्या पदराआड जातं, तसा.
बोलवू नका. येतोय आपला आपण.

कुणाचा तरी वारा सरंल.
हसायचं न्हाई. तुमचा सरला तर
माफी मागायची न्हाई.

आणि शेवटी उताणं पडायला सांगतील.
ते सोपं वाटतंय.
वजन उचलणाऱ्याला तेच जड.
हात बाजूला, तळवे वर, रिकामे,
आणि कुणी म्हणत न्हाई, उचल.
मागल्या साली तुमच्यातलाच एक, बाबालाल नदाफ,
तिथं पडल्या पडल्या रडला.
आवाज न्हाई. नुसतं पाणी कानात गेलं.
बाईंनी पंखा एक खटका कमी केला,
विचारलं काय न्हाई.
दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच हजर,
माझ्या हातातलं सतरंजीचं टोक धरून
झटकाय लागला.
आता लेकीकडं विट्याला असतोय.

मी?
मी न्हाई कधी केलं.
सगळी गेल्यावर, गुंडाळायच्या आधी,
एकीवर पडते पाच मिनिटं.
त्याला काय म्हणत्यात ते शिंत्रेबाईस्नी ठाऊक.

सतरंजीवर पिवळे पाय उमटतील. उमटू द्यात.
हळद पाण्यानं जात न्हाई, उन्हानं जाते.
रविवारी मी सगळ्या गच्चीवर टाकते.
एक सोडून. ती कडंची,
तिच्यावर नदाफाचे दोन पाय अजून पुसट हायत.
तीच घ्या तुम्ही.

स्कुटी आली बाईंची.
उठा. घाई न्हाई, भिंतीला हात लावून उठा.
आणि फोन बंद केलाय का?
काल एकाचा सौद्याचा फोन वाजला,
सगळ्या हॉलला हळदीचा भाव कळला.